वजन उचलल्याने स्नायू वाढतो, म्हणजे पेशीत नेमके काय घडते?

कोयनाकाठ

नमस्कार. मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात आमच्या वर्गात स्नायूंच्या वाढीवर चर्चासत्र आहे आणि त्यातला ‘भार पडल्यावर रेणूंच्या पातळीवर काय होते’ हा भाग मला मांडायचा आहे. वाचायला सुरुवात केली तेव्हा दोन उत्तरे वारंवार समोर आली, आणि दोन्हींनी माझे समाधान होत नाही.

एक उत्तर व्यायामशाळेत मिळते: जड वजनाने स्नायूचे तंतू फाटतात आणि शरीर त्यांची डागडुजी करताना ते पहिल्यापेक्षा जाड करून ठेवते. दुसरे पाठ्यपुस्तकात मिळते: व्यायामाने वाढीचे संप्रेरक वाढते, त्यामुळे आयजीएफ-१ हा इन्सुलिनसारखा वृद्धिघटक वाढतो, तो पेशीपटलावरच्या ग्राहकाला जोडला जातो, त्याने एकेटी हे विकर जागे होते, एकेटीमुळे एमटॉर आणि एमटॉरमुळे प्रथिननिर्मिती. ही साखळी मी पाठ म्हणून दाखवू शकते, पण तिच्यात वजन कुठे आहे तेच मला दिसत नाही. रक्तातून फिरणारा पदार्थ जर वाढीचे कारण असेल, तर केवळ उजव्या हाताने डंबेल उचलणाऱ्याचा डावा दंडही तेवढाच भरायला हवा. तसे होत नाही, हे आपण सगळेच पाहतो.

म्हणून माझे प्रश्न असे. संप्रेरकांवाचून, नुसत्या ताणाने स्नायू वाढतो असे कोणी प्रयोगाने दाखवले आहे का? बल ही भौतिक गोष्ट आहे आणि पेशीचा कारभार रसायनांचा आहे. मग बलाचे रासायनिक संदेशात रूपांतर करणारा पहिला रेणू कोणता? आणि प्रत्येक आकृतीच्या मध्यभागी एमटॉरच का असतो. तिथे पोहोचले की सगळे समजले असे मानायचे का?

अनुस्वार

दोन दंडांचा तुमचा आक्षेप अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. त्याची तपासणी साठ वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच देतो.

१९६७ साली आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी पांढऱ्या उंदरांच्या पोटरीतल्या गॅस्ट्रॉक्नेमिअस या मोठ्या स्नायूची कंडरा कापली. त्याचे काम शेजारच्या सोलिअस आणि प्लँटॅरिस या स्नायूंवर येऊन पडले आणि काही दिवसांतच त्यांचे वजन वाढले. हाच प्रयोग त्यांनी पियूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांवरही केला. या उंदरांच्या शरीरात वाढीचे संप्रेरक तयारच होत नव्हते, त्यांची एकूण वाढ खुंटलेली होती, आणि तरीही भार पडलेले स्नायू वाढले. पुढे मधुमेह घडवून आणलेल्या, म्हणजे इन्सुलिनची चणचण असलेल्या उंदरांतही त्यांना तेच आढळले. उंदराच्या एका पायात भार आणि दुसऱ्या पायात तुलनेसाठी निरोगी स्नायू, अशी ही मांडणी असल्याने दोन्ही पायांना रक्त मात्र एकच मिळत होते.

याच्याही पुढची पायरी १९७९ मध्ये हर्मन व्हँडनबर्ग आणि सेमूर कॉफमन यांनी गाठली. कोंबडीच्या गर्भातून काढलेल्या स्नायुपेशी त्यांनी बशीत वाढवल्या आणि त्या ज्या पृष्ठभागाला चिकटल्या होत्या तो यंत्राने ताणला. तिथे मज्जातंतू नव्हते, रक्तप्रवाह नव्हता, प्राण्याचे बाकीचे शरीरच नव्हते. तरीही ताणलेल्या पेशींनी जास्त अमिनो आम्ले आत ओढून घेतली आणि जास्त प्रथिने बनवली. म्हणजे ताण ओळखण्याची सोय स्नायुतंतूच्या आतच आहे, आणि बाकी सगळे तिला मदत किंवा अडथळा करणारे आहे.

आयजीएफ-१ चे समर्थक यावर म्हणत असत की संप्रेरक रक्तातून येत नसेल, पण ताणलेला स्नायू स्वतःच आयजीएफ-१ तयार करतो आणि तो जागच्या जागी काम करतो. ही शंका रास्त होती, कारण भार पडलेल्या स्नायूत आयजीएफ-१ खरोखरच वाढतो. तिचे उत्तर २००८ मध्ये एस्पेन स्पँगेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दिले. ज्यांच्या स्नायूंमधला आयजीएफ-१ चा ग्राहक जनुकीय बदलाने निकामी केला होता अशा उंदरांच्या स्नायूंवर त्यांनी भार टाकला, आणि ते स्नायू सामान्य उंदरांच्या स्नायूंइतकेच वाढले. ग्राहकच बंद असताना साखळीचा पुढचा भाग चालू झाला, याचा अर्थ ताणाचा संदेश या दरवाजाने आत येतच नाही.

माणसांवरचा पुरावा तुमच्या दोन दंडांच्या युक्तिवादाशी थेट जुळणारा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डॅनिएल वेस्ट आणि स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने १२ तरुणांना १५ आठवडे दंडाचा व्यायाम दिला. एका दिवशी एका हाताचा व्यायाम एकटाच होत असे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हाताच्या व्यायामापाठोपाठ पायांचा भरपूर व्यायाम होत असे, ज्याने रक्तातले वाढीचे संप्रेरक, आयजीएफ-१ आणि टेस्टोस्टेरॉन काही वेळ चांगलेच चढत. १५ आठवड्यांनी दोन्ही दंडांच्या वाढीत फरक सापडला नाही. व्यायामानंतर अर्धा-एक तास टिकणारी संप्रेरकांची ही लाट आणि बाहेरून मोठ्या मात्रेत टोचून घेतलेले टेस्टोस्टेरॉन या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याने स्नायू नक्कीच वाढतात, आणि चर्चासत्रात कोणीतरी हा प्रश्न विचारणारच.

फाटण्याच्या सिद्धान्ताबद्दल थोडक्यात. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठात फेलिपे डामास आणि सहकाऱ्यांनी नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांची प्रथिननिर्मिती पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात मोजली. पहिल्या सत्रानंतर तंतूंची हानीही सर्वांत जास्त होती आणि प्रथिननिर्मितीही. पण त्या आकड्याचा शेवटच्या वाढीशी काही मेळ बसला नाही. हानी ओसरल्यावर, तिसऱ्या आठवड्यापासून मोजलेली निर्मिती मात्र वाढीशी जुळली. सुरुवातीची ती धावपळ बहुतांशी डागडुजीत खर्च होते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

तळटीप

अनुस्वार यांनी दरवाजाची गोष्ट सांगितली; मी एमटॉरबद्दल लिहितो, कारण ‘मध्यभागी तोच का’ हा प्रश्न विचारणारे फार कमी भेटतात.

एमटॉर हे इतर प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडणारे विकर आहे. रॅप्टर या प्रथिनाच्या साथीने त्याचे जे संकुल बनते, त्याला एमटॉर संकुल-१ म्हणतात आणि स्नायूच्या वाढीची चर्चा मुख्यतः त्याचीच असते. त्याची दोन कामे लक्षात ठेवावीत. एक, ते प्रथिननिर्मितीला वेग देणाऱ्या एस६के१ या विकराला चालना देते. दुसरे, ते ४ई-बीपी१ या प्रथिनावर फॉस्फेट बसवते. हे प्रथिन एरवी संदेशवाहक आरएनएच्या टोकाला रायबोसोम जोडून देणाऱ्या घटकाला धरून ठेवत असते, आणि फॉस्फेट बसताच त्याला मोकळे सोडते. संदेश तोच असतो, आरएनए तोच असतो, पण आता तो अधिक वेळा वाचला जातो. म्हणूनच व्यायामानंतर प्रथिननिर्मिती काही तासांत वाढू शकते. नवी जनुके उघडण्याची वाट तिला पाहावी लागत नाही.

या विकराचे महत्त्व कळले ते त्याला रोखणाऱ्या रॅपामायसिन या औषधामुळे. १९६४ साली एक कॅनडियन मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईवर गेली होती. तिथून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून हा पदार्थ मॉन्ट्रियलच्या एका औषध-कंपनीच्या प्रयोगशाळेत वेगळा काढणाऱ्यांत सुरेंद्रनाथ सेहगल हे प्रमुख होते. त्यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा आणि शिक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयातले. बुरशीविरोधी औषध म्हणून शोधलेला हा पदार्थ पुढे मूत्रपिंड-रोपणात आला आणि स्नायुशास्त्राला तर त्याने हवे ते साधनच मिळवून दिले.

१९९९ मध्ये कीथ बार आणि कॅरिन एसर यांनी पांढऱ्या उंदरांच्या स्नायूंना विजेच्या झटक्यांनी जोरदार आकुंचन करायला लावले. एस६के१ वर ६ तासांनी किती फॉस्फेट बसला आहे आणि ६ आठवड्यांच्या अशा व्यायामानंतर तो स्नायू किती वाढला, हे दोन आकडे शेजारी मांडले तर ते जवळजवळ एका सरळ रेषेत पडले. २००१ मध्ये सू बोडाइन आणि सहकाऱ्यांनी भार पडलेल्या उंदरांना रॅपामायसिन दिले, तेव्हा वाढ जवळपास थांबलीच. २००९ मध्ये टेक्सासच्या गटाने स्वयंसेवकांना व्यायामापूर्वी रॅपामायसिनची एक मात्रा दिली. औषध न घेतलेल्यांची प्रथिननिर्मिती एक-दोन तासांत सुमारे ४० टक्के वाढली, औषध घेतलेल्यांची वाढली नाही. रॅपामायसिन सगळ्या शरीरावर काम करते, तेव्हा हा परिणाम स्नायुतंतूतल्याच एमटॉरमुळे आहे कशावरून, ही शंका उरली होती. विस्कॉन्सिनमधल्या ट्रॉय हॉर्नबर्गर यांच्या गटाने २०११ मध्ये केवळ स्नायुतंतूत रॅपामायसिनला न जुमानणारा एमटॉर असलेले उंदीर वापरले. त्यांचे स्नायू औषध देऊनही वाढले, आणि ती शंकाही मिटली.

आता ताण एमटॉरपर्यंत कसा येतो ते पाहू. एमटॉर संकुल-१ चालू होते ते लायसोसोमच्या, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतल्या लयकारिकेच्या पृष्ठभागावर. तिथे र्‍हेब नावाचे छोटे प्रथिन त्याला जागे करते, आणि टीएससी२ हे प्रथिन र्‍हेबला निष्क्रिय ठेवते. २०१३ मध्ये असे दिसले की स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावला, वजन हळूहळू खाली आणताना होते तसा, की टीएससी२ लायसोसोमपासून दूर जाते आणि एमटॉर तिथे अधिक संख्येने जमा होतो. इन्सुलिनही टीएससी२ लाच बाजूला करते, पण एकेटीच्या मार्गाने. ताणाचा मार्ग वेगळा आहे: एकेटीकडे जाणारी वाट औषधाने अडवली तरी ताणलेल्या स्नायूत एमटॉरचा संदेश उमटतो, हे हॉर्नबर्गर यांनी २००४ मध्येच दाखवले होते. याशिवाय फॉस्फॅटिडिक आम्ल नावाचा एक मेदरेणू आहे. ताण पडल्यावर तो वाढतो आणि एमटॉरला थेट जोडला जातो. तो तयार करण्यात डीजीके-झीटा या विकराचा मोठा वाटा आहे.

आहारातले ल्युसिन हे अमिनो आम्लही याच लायसोसोमवर आपला संदेश आणते, आणि त्यामुळे व्यायाम व अन्न हे एकमेकांचा परिणाम वाढवतात. व्यायाम एकटा किती पुरतो याचे मोजमाप फिलिप्स यांनीच १९९७ मध्ये केले होते: उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्यांची प्रथिननिर्मिती ३ तासांनी ११२ टक्के, २४ तासांनी ६५ टक्के आणि ४८ तासांनीही ३४ टक्के वाढलेली होती, पण प्रथिनांचे विघटनही ३ तासांनी ३१ टक्के वाढले होते, आणि एकूण हिशोब तोट्याचाच राहिला. तो नफ्यात येतो अमिनो आम्ले मिळाल्यावर.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. हॉर्नबर्गर यांच्याच गटाने २०१९ मध्ये स्नायूतला रॅप्टर काढून टाकून, म्हणजे संकुल-१ मोडून भार टाकला. अपेक्षेप्रमाणे स्नायू वाढला नाही. प्रथिननिर्मितीचा वेग मात्र ताणामुळे वाढलाच. ज्यांनी एमटॉरला मध्यभागी नेऊन बसवले, त्यांच्याच हातून हा निष्कर्ष आला, म्हणून मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो. वाढीसाठी एमटॉर हवाच. पण ‘ताण, मग एमटॉर, मग प्रथिननिर्मिती, मग वाढ’ ही एकेरी रेघ टिकत नाही.

कोयनाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. टीएससी२ लायसोसोमपासून दूर जाते हे समजले, पण त्याला दूर जायला सांगते कोण? माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. फॉस्फॅटिडिक आम्ल वाढते हे मान्य केले तरी ते वाढवणाऱ्या विकराला ताण कळला कसा?

नीलमोहर

हा प्रश्न या क्षेत्रातल्या लोकांनाही अडवून बसला आहे. एकच एक ताणग्राहक निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. दावेदार अनेक आहेत आणि त्यांतले काही एकाच वेळी खरे असू शकतात. बलाचे रसायनात रूपांतर कसे होऊ शकते याचे तत्त्व मात्र स्पष्ट आहे: घडी घातलेले प्रथिन ओढले गेले की उलगडते, आणि उलगडल्यावर त्याचा आधी झाकलेला भाग दुसऱ्या रेणूला जोडला जाण्यासाठी उघडा पडतो. बल इथे रासायनिक जोडणीची जागा मोकळी करून देते. म्हणून ग्राहक शोधायचा तर तंतूत ओढ कुठून कुठे जाते ते आधी पाहावे लागते.

आपण आकृतीत दाखवतो की सार्कोमिअर, म्हणजे तंतूतले आखडणारे सूक्ष्म घटक, आखडतात आणि बल तंतूच्या लांबीने कंडरेकडे जाते. पण बलाचा मोठा वाटा आडव्या दिशेने, तंतूच्या बाजूच्या पटलातून बाहेरच्या संयोजी ऊतीत उतरतो. सिबिल स्ट्रीट यांनी १९८३ मध्ये बेडकाच्या स्नायूवर हे दाखवले. हे बल जिथून बाहेर पडते ते सांधे म्हणजे कॉस्टामिअर. ते झेड-चकतीच्या, म्हणजे सार्कोमिअरच्या टोकाच्या सीमेच्या, पातळीवर पटलाला आतून बांधलेले असतात, आणि तिथे पेशीचा आतला सांगाडा बाहेरच्या ऊतीशी जोडणाऱ्या इंटेग्रिन व डिस्ट्रॉफिन या प्रथिनांचे संकुल असते. इंटेग्रिनच्या आतल्या बाजूला एफएके नावाचे विकर असते. भार वाढला की त्याचे प्रमाण आणि सक्रियता दोन्ही वाढतात. डिस्ट्रॉफिन नसेल तर काय होते ते तुम्हाला ड्युशेन या स्नायू क्षीण करणाऱ्या आजाराच्या मुलांवरून ठाऊक असेलच. फक्त तिथे पटलाची मजबुती जाते की संदेशही जातो, या दोन गोष्टी वेगळ्या करणे अवघड असते.

दुसरा दावेदार टिटिन. माणसाच्या शरीरातले हे सर्वांत मोठे प्रथिन. सुमारे ३५ हजार अमिनो आम्लांचा हा एकच रेणू झेड-चकतीपासून सार्कोमिअरच्या मध्यरेषेपर्यंत पसरलेला असतो. ताण मोजायला याहून चांगली जागा कुठली असणार? त्याच्या मध्यरेषेजवळच्या टोकाला विकरासारखा एक भाग आहे, आणि २००८ मध्ये एकेका रेणूला सूक्ष्म सुईने ओढून असे दिसले की विशिष्ट बलाने त्या भागाचे झाकण उघडते आणि एटीपी (विकराला फॉस्फेट पुरवणारा ऊर्जारेणू) बसण्याची जागा मोकळी होते. त्याआधी २००५ मध्ये या भागापासून केंद्रकातल्या जनुकांपर्यंत जाणारा संदेशमार्गही मांडला गेला होता.

तिसरा मला व्यक्तिशः सर्वांत पटणारा आहे, जरी पाठ्यपुस्तकांत त्याला अजून जागा नाही. झेड-चकतीजवळ फिलामिन-सी हे प्रथिन ॲक्टिन या आकुंचनात भाग घेणाऱ्या प्रथिनाच्या दोऱ्या एकमेकींना बांधून ठेवते. जोराच्या ताणाखाली ते उलगडते आणि बिघडते. बीएजी३ हे सहायक प्रथिन असे बिघडलेले फिलामिन ओळखते आणि त्याची पेशीच्या स्वभक्षण यंत्रणेकडे विल्हेवाट लावते. २०१३ मध्ये बॉन विद्यापीठातल्या गटाने दाखवले की हेच बीएजी३ वायएपी या जनुके वाचायला लावणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या रेणूंनाही पकडते. त्यामुळे वायएपी सुटून केंद्रकात जाते आणि नव्या फिलामिनचे जनुक अधिक वाचले जाते. जुने मोडणे आणि नवे बांधणे ही दोन्ही कामे एकाच रेणूच्या हाती येतात. शिवाय उंदरांच्या स्नायूत वायएपी जास्त प्रमाणात तयार करवले तर भार न टाकताही तंतू जाड होतात, आणि ही वाढ रॅपामायसिनने थांबत नाही. तळटीप यांनी रॅप्टरच्या प्रयोगात दाखवलेली फट भरून काढणारा मार्ग याच बाजूला सापडेल, असा माझा अंदाज आहे.

ताणाने उघडणाऱ्या आयन-वाहिन्याही आहेतच. आकुंचनाच्या वेळी त्या स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने बंद केल्या तर एस६के१ चा प्रतिसाद कमी होतो. पण स्ट्रेप्टोमायसिन फक्त तेवढेच करत नाही, म्हणून मी त्यावर फार भार देणार नाही.

तळटीप

नीलमोहर यांच्या टिटिनबद्दलच्या परिच्छेदाला एक पुरवणी. टिटिनचा तो विकरासारखा भाग खरोखर फॉस्फेट जोडतो का, यावरच वाद आहे. नंतरच्या अभ्यासात त्याची रासायनिक क्रिया नगण्य आढळली आणि तो केवळ इतर प्रथिनांना बसायला जागा देणारा मंच असावा असा पक्ष पुढे आला. ग्राहक म्हणून टिटिन बाद होत नाही, पण चर्चासत्रात ‘टिटिन-विकर सक्रिय होते’ असे ठामपणे म्हणू नये.

अनुस्वार

आतापर्यंतची चर्चा संदेशाची झाली. स्नायू वाढायला संदेशाखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी लागतात आणि त्या आठवड्यांच्या हिशोबाने घडतात.

एमटॉरमुळे असलेले रायबोसोम अधिक वेगाने काम करतात. पण पंगत मोठी असेल तर आच वाढवून भागत नाही, चुलीच वाढवाव्या लागतात. नवे रायबोसोम बनवणे पेशीला फार महागात पडते, कारण प्रत्येकात ४ आरएनए आणि सुमारे ८० प्रथिने लागतात. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी ८० टक्क्यांहून अधिक आरएनए रायबोसोमचाच असतो, त्यामुळे स्नायूतला एकूण आरएनए मोजला की रायबोसोमचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ज्येष्ठ नागरिकांवरच्या अभ्यासात असे आढळले आहे की व्यायामाने ज्यांचे तंतू सर्वाधिक जाड झाले त्यांच्यात हा आरएनए वाढला होता, आणि ज्यांचे फारसे वाढले नाहीत त्यांच्यात तो वाढला नव्हता. एकाच व्यायामाला दोन माणसे इतका वेगळा प्रतिसाद का देतात, याचे एक कारण इथे असावे. हे रायबोसोम बनवण्याच्या कामातही एमटॉरचा हात आहे, आणि रॅप्टर नसताना निर्मितीचा वेग वाढूनही स्नायू का वाढला नाही, याचा विचार करताना ते लक्षात घ्यायला हवे.

मग केंद्रकांचा प्रश्न. स्नायुतंतूत शेकडो केंद्रके असतात आणि ती स्वतः विभागत नाहीत. नवी केंद्रके येतात ती सॅटेलाइट पेशींकडून. तंतूच्या कडेला चिकटून झोपलेल्या या पेशी अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. अनेक वर्षे असे मानले जाई की या पेशींनी आपली केंद्रके दिल्याखेरीज तंतू वाढूच शकत नाही. २०११ मध्ये केंटकी विद्यापीठात जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदरांतल्या ९० टक्क्यांहून अधिक सॅटेलाइट पेशी नष्ट करून दोन आठवडे भार टाकला, आणि स्नायू इतर उंदरांइतकाच वाढला. दुखापत झालेला स्नायू मात्र या पेशींवाचून भरून आला नाही. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने तशाच उंदरांवर उलटा निष्कर्ष काढला आणि बरीच वादावादी झाली. सध्या सांगता येते ते एवढे: कमी मुदतीच्या वाढीला प्रौढ उंदरात या पेशी अनिवार्य दिसत नाहीत, पण कोवळ्या वयात किंवा वाढ दीर्घकाळ टिकवायची असेल तर त्यांची उणीव जाणवते. माणसाच्या स्नायूतून अशा पेशी काढून पाहता येत नाहीत, म्हणून उंदरांचा निकाल सरसकट आपल्यावर लादू नये.

आणि हे सगळे नवे प्रथिन जाते कुठे? तंतूचा सुमारे ८० टक्के भाग मायोफायब्रिलनी, म्हणजे सार्कोमिअरच्या लांबलचक माळांनी भरलेला असतो. १९७० च्या सुमारास जेफ्री गोल्डस्पिंक यांनी असे मांडले होते की माळ एका मर्यादेपर्यंत जाड होते आणि मग उभी चिरून तिच्या दोन होतात. हॉर्नबर्गर यांच्या गटाने अलीकडे नव्या सूक्ष्मदर्शन-पद्धतीने मोजल्यावर असे दिसले की भाराने जाड झालेल्या तंतूत माळांची संख्या वाढलेली असते, एकेकीची जाडी फारशी वाढलेली नसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या कल्पनेशी हे चांगलेच जुळते.

कोयनाकाठ

हे सगळे टिपून घेतले आहे. एक गोष्ट मात्र जुळत नाही. ताण हेच कारण असेल तर जास्त वजन म्हणजे जास्त ताण आणि जास्त वाढ, असे सरळ गणित असायला हवे. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना आम्ही हलक्या वजनानेही बरीच वाढ होताना पाहतो. मग हलक्या वजनात ताण कुठून येतो?

नीलमोहर

ताण मोजायचा तो सांध्यावर किंवा वजनाच्या चकतीवर नाही, तर एकेका तंतूत. एल्वुड हेनेमन यांनी १९६५ मध्ये मांडलेला क्रम तुम्ही शिकला असाल: मेंदू आधी लहान चेतापेशींना, म्हणजे बारीक आणि न थकणाऱ्या तंतूंना कामाला लावतो, आणि गरज वाढेल तसे मोठे, जोरकस तंतू बोलावतो. जड वजनात सगळेच तंतू पहिल्या उचलीपासून लागतात. हलक्या वजनात मोठे तंतू सुरुवातीला बसून राहतात. पण उचली करता करता आधीचे तंतू थकले की तेच वजन उचलायला मोठ्या तंतूंना यावेच लागते. शिवाय थकव्याने आकुंचनाचा वेग मंदावतो, आणि हळू आखडणाऱ्या तंतूत मायोसिन व ॲक्टिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांच्या एकाच वेळी जुळलेल्या जोडण्या अधिक असल्याने त्या तंतूवर ताणही अधिक पडतो. म्हणून शेवटच्या काही उचलींमध्ये त्या मोठ्या तंतूच्या दृष्टीने वजन हलके राहिलेलेच नसते.

२०१२ मध्ये मॅकमास्टरच्याच गटाने हे तपासले. व्यायामाची सवय नसलेल्या १८ तरुणांना त्यांनी १० आठवडे गुडघा सरळ करण्याचा व्यायाम दिला. एकदा जेमतेम उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ३० टक्के वजनाने, पाय उचलणेच अशक्य होईपर्यंत ३ फेऱ्या केल्या तेव्हा मांडीच्या स्नायूचे आकारमान साधारण ७ टक्के वाढले. ८० टक्के वजनाच्या ३ फेऱ्यांनीही तेवढेच वाढले. ८० टक्के वजनाची एकच फेरी केली तेव्हा वाढ त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिली. यात ‘अशक्य होईपर्यंत’ ही अट महत्त्वाची आहे. तुमच्या रुग्णाने हलके वजन दहा वेळा सहज उचलून खाली ठेवले, तर मोठे तंतू त्यात सहभागीच झालेले नसतात आणि त्यांच्यातल्या फिलामिनला किंवा टिटिनला काही कळण्याचे कारणही नसते.

या अभ्यासातली आणखी एक नोंद तुमच्या कामाची आहे. आकारमान सारखे वाढूनही, एकदा कमाल किती वजन उचलता येते या कसोटीत ८० टक्केवाले पुढे राहिले. जड वजन उचलण्याचा सराव मज्जासंस्थेला होतो तो जड वजनानेच, आणि वर चर्चिलेल्या रेणूंशी त्या भागाचा फारसा संबंध नाही. त्यामुळे रुग्णाच्या मांडीचा घेर आणि त्याची ताकद या दोन नोंदी वहीत वेगवेगळ्या ठेवाव्यात.